५०० वी आयगेनव्हॅल्यू जागची हलत का नाही?

फावलावेळ (धागाकर्ता)

दोन दिवस मी माझ्याच प्रोग्राममधली चूक शोधतोय. आता शंका यायला लागली आहे की चूक प्रोग्राममध्ये नसून माझ्या डोक्यात आहे. म्हणून हा धागा.

केलं ते एवढंच. १००० × १००० ची एक सममित मॅट्रिक्स घेतली. कर्णाच्या वरच्या भागात नॉर्मल वितरणातले रँडम आकडे भरले, सरासरी शून्य, व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) १/१०००. कर्णावर व्हेरियन्स त्याच्या दुप्पट. खालचा भाग म्हणजे वरच्याची आरशातली प्रत. तिच्या हजार आयगेनव्हॅल्यू (काही खास दिशांना मॅट्रिक्स वळवत नाही, फक्त ताणते, आकसते किंवा उलटवते; त्या ताणाचे पट) काढून चढत्या क्रमाने लावल्या. हिस्टोग्राम −२ ते २ च्या मध्ये अगदी सुबक अर्धवर्तुळ. विग्नरने १९५० च्या दशकात दाखवलं तेच, इथपर्यंत सगळं ठीक.

अर्धवर्तुळ हातात आलं की प्रत्येक क्रमांकाची 'ठरलेली जागा' काढता येते. ज्या बिंदूच्या डावीकडे एकूण क्षेत्रफळाचा (क्रमांक − १/२) भागिले १००० इतका हिस्सा येतो, ती त्या क्रमांकाची जागा. ५०० वीची जागा शून्याला खेटून. मध्यावर शेजारच्या दोघींमधलं सरासरी अंतर पाय भागिले १०००, म्हणजे ०.००३१४. यापुढे या अंतराला मी 'घर' म्हणतो.

अशा दोनशे मॅट्रिक्स बनवल्या आणि दर वेळी ५०० वी कुठे पडते ते टिपलं. हजार बिंदू स्वतंत्रपणे टाकले तर मधला बिंदू √१००० च्या निम्मा, म्हणजे सुमारे १६ घरं इकडेतिकडे व्हायला हवा, ही माझी अपेक्षा. प्रत्यक्षात प्रमाण विचलन एक घरसुद्धा भरत नाही! ०.००३ च्या आतच.

रँडम बीज दर वेळी तेच पडतंय का, ते तीनदा तपासलं. नाही पडत. मग पाच लाख रँडम आकडे आत ओतल्यावर बाहेर इतकी शिस्त येते कुठून?

---

सांदीकोपरा

प्रोग्राम बरोबर आहे, झोपा निवांत. :)

तुमची अपेक्षा 'हजार स्वतंत्र बिंदू' या गृहीतकावर उभी आहे आणि आयगेनव्हॅल्यू स्वतंत्र नसतात. २ × २ वर हातानेच करून बघा. कर्णावर अ आणि क, उरलेल्या दोन जागी ब. दोन आयगेनव्हॅल्यूंमधलं अंतर येतं √((अ−क)² + ४ब²). हे शून्य व्हायचं तर अ आणि क सारखे हवेत आणि *शिवाय* ब शून्य हवा. दोन योगायोग एकाच वेळी जुळून यावे लागतात. म्हणून दोघी एकमेकींच्या फार जवळ सहसा येत नाहीत. याला 'लेव्हल रिपल्शन' म्हणतात. फॉन नॉयमन आणि विग्नर यांनी हे १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

विग्नरने यावरून शेजारच्या अंतरांसाठी एक अंदाजी सूत्र दिलं आणि ते मोठ्या मॅट्रिक्सनाही आश्चर्यकारक चांगलं लागू पडतं. त्या हिशेबाने दोन शेजारणींमधलं अंतर एका घराच्या दहाव्या भागाहून कमी असण्याची शक्यता ०.८ टक्के. स्वतंत्र बिंदूंसाठी तीच ९.५ टक्के. एकमेकींना ढकलतात म्हणून जागच्या जागी राहतात, इतकं सोपं आहे.

---

गवती

वाचनखूण साठवली. पहिल्यांदाच असं झालं की 'मॅट्रिक्स' शब्द असलेला धागा शेवटपर्यंत वाचला.

---

टिपकागद

@सांदीकोपरा, तुमचं निम्मं पटलं. ढकलतात हे खरं, पण तेवढ्यावरून शिस्त सिद्ध होत नाही आणि नेमकी इथेच बहुतेक जणांची गल्लत होते. माझीही बरीच वर्षं होती.

एक प्रयोग करा. धागाकर्त्याची एक मॅट्रिक्स घ्या, तिच्या आयगेनव्हॅल्यू अर्धवर्तुळाच्या हिशेबाने ताणून 'सपाट' करा, म्हणजे सगळीकडे सरासरी अंतर १ होईल. आता शेजारच्यांमधली ती ९९९ अंतरं एका पिशवीत टाका, पिशवी हलवा, आणि निघतील त्या क्रमाने एकापुढे एक मांडा. अंतरांचा हिस्टोग्राम तोच राहिला. शेजारणी अजूनही एकमेकींना टाळतात, ०.८ टक्केही तसाच. पण आता ५०० वा बिंदू कुठे आहे?

कागदावर: एका अंतराचा व्हेरियन्स साधारण ०.२८. दोन्ही टोकं जागेवर आहेत, मधे ५०० अंतरं, त्यामुळे व्हेरियन्स ५०० × ०.२८ × १/२ = ७०. प्रमाण विचलन आठ-साडेआठ घरं. म्हणजे शेजारणींचं भांडण जसंच्या तसं ठेवूनही शिस्त पार गेली.

तेव्हा शिस्त अंतरांच्या आकारात नसून त्यांच्या *क्रमात* आहे. एक अंतर मोठं पडलं की पुढचं लहान पडण्याकडे कल असतो. सममित मॅट्रिक्ससाठी लगतच्या दोन अंतरांमधला सहसंबंध −०.२७ च्या आसपास येतो. तेवढ्यानेही भागत नाही, पार लांबच्या अंतरांपर्यंत हिशेब चुकता होत राहावा लागतो.

---

फावलावेळ

पिशवीचा प्रयोग आत्ताच केला. ८.४!!

म्हणजे हजार अंतरं तीच, फक्त क्रम बदलला, आणि बिंदू नऊपट भटकायला लागला. काल रात्री हे कोणी सांगितलं असतं तर पैज लावून हरलो असतो.

---

सांदीकोपरा

मान्य. 'इतकं सोपं आहे' हे शब्द मागे घेतो.

---

बेरीजवजाबाकी

लांबचा हिशेब कसा चुकता होतो हे बघायला कुठलंही अवघड गणित लागत नाही, शाळेतली बेरीज पुरते.

सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज. कर्णावर १००० आकडे, प्रत्येकाचा व्हेरियन्स २/१०००. बेरजेचा व्हेरियन्स २, प्रमाण विचलन १.४. मॅट्रिक्स दहा लाखांची केली तरी १.४ च.

आता अर्धवर्तुळातून १००० स्वतंत्र बिंदू उचला. प्रत्येकाचा व्हेरियन्स १, बेरजेचा १०००, प्रमाण विचलन ३१.६.

एकीकडे १.४, दुसरीकडे ३१.६. म्हणजे हजार जणी मिळून जणू एकच खातं चालवतात. एक उजवीकडे सरकली की बाकीच्यांना मिळून तेवढं डावीकडे भरावं लागतं.

वर्गांची बेरीज घेतली तर ती मॅट्रिक्समधल्या सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज. तिची सरासरी हजाराच्या आसपास आणि प्रमाण विचलन फक्त २. घनांची, चौथ्या घातांची, कुठल्याही गुळगुळीत फलनाची बेरीज घ्या, चढउतार आकाराबरोबर वाढतच नाही.

---

काठावरचा

गंमत म्हणून: नॉर्मल आकड्यांऐवजी नाणं उडवून +१ किंवा −१ भरा (आणि √१००० ने भागा). आता वर्गांची बेरीज *काटेकोर* १०००. चढउतार शून्य. मॅट्रिक्स पूर्ण रँडम, आणि तरी आयगेनव्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज दशांशालाही हलणार नाही.

---

मुंगळा

काहीतरीच काय. ±१ भरल्यावर सगळं गणितच बदलणार ना? नॉर्मल वितरणाला गोलाकार सममिती असते, सूत्रं त्यामुळे सुटतात. नाण्याला कसली सममिती?

---

टिपकागद

शंका रास्त आहे, मुंगळा. या विषयातले लोक पन्नासेक वर्षं त्याच शंकेपाशी अडले होते. नॉर्मल आकड्यांसाठी डायसन, मेहता, गोदँ यांनी १९६० च्या दशकात बरंच काही काटेकोर सोडवून ठेवलं होतं. (मेहता म्हणजे मदन लाल मेहता. जन्म राजस्थानातला, हयात फ्रान्समध्ये साक्लेच्या संशोधन केंद्रात गेली. या विषयावरचं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक त्यांचं, १९६७ चं.) पण 'आकडे कुठलेही असोत, उत्तर तेच' हे सिद्ध व्हायला २००९ नंतरची काही वर्षं उजाडावी लागली. एका बाजूने एर्डोश, श्लाइन, याऊ आणि नंतर यिन, दुसऱ्या बाजूने टाओ आणि वू.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर एर्डोश-याऊ-यिन यांच्या २०१२ च्या निबंधात आहे. तिथे या गुणधर्माला नावच 'रिजिडिटी' दिलंय. मी ताठरपणा म्हणेन. साध्या भाषेत: आकड्यांची शेपटी फार जड नसेल (म्हणजे प्रचंड मोठे आकडे अगदी विरळ असतील), तर जवळजवळ खात्रीने *प्रत्येक* आयगेनव्हॅल्यू तिच्या ठरलेल्या जागेपासून फार तर काही घरांवर सापडते. 'काही' म्हणजे लॉगच्या पटीत, √एन च्या जवळपासही नाही (एन म्हणजे मॅट्रिक्सचा आकार, इथे १०००).

---

फावलावेळ

±१ घालून पाहिलं. ५०० वीचा ठाव पुन्हा एका घराच्या आतच. हिस्टोग्राम एकमेकांवर ठेवले तर नाणं कुठलं आणि नॉर्मल कुठलं ते ओळखू येत नाही.

@मुंगळा, कॉशी वितरणातले आकडेही भरून बघितले. तिथे मात्र सगळंच विस्कटलं. अर्धवर्तुळच राहिलं नाही, एक-दोन आयगेनव्हॅल्यूंची किंमतच हजारोंमध्ये.

---

काठावरचा

कॉशीला व्हेरियन्सच नसतो, त्यामुळे तिथे विग्नरचं अर्धवर्तुळ मागणंच चूक. मॅट्रिक्समधला एकच राक्षसी आकडा सबंध आयगेनव्हॅल्यू ओढून नेतो. काठावर तर त्याहून कडक अट आहे. सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू नीट वागायला चौथ्या आघूर्णाच्या (आकड्यांच्या चौथ्या घाताच्या सरासरीच्या) आसपासची अट लागते. चौथा आघूर्ण अनंत होण्याइतकी शेपटी जड झाली की तिचं गणित सगळ्यात मोठ्या एकट्या आकड्याचं गणित होऊन बसतं.

---

शून्यप्रहर

उशिरा आलो. माझी मूळ शंका वेगळी आहे. ताठरपणा इतका असेल तर भटकणं पूर्ण थांबायलाच हवं होतं. हा लॉग कुठून टपकला? एक घर का नाही, शून्य का नाही?

---

बेरीजवजाबाकी

छान प्रश्न. उत्तर मला आवडतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

वर म्हटलं की कुठल्याही गुळगुळीत फलनाची बेरीज ठरावीक चढउताराच्या पलीकडे जात नाही. त्यात एक खुबी आहे: ते फलन दहा घरांवर पसरलेलं असो की शंभर घरांवर, आकार तोच ठेवून फक्त ताणलं, तर चढउतार *तेवढाच* राहतो. लहान पल्ला, मोठा पल्ला, सगळ्यांचा वाटा सारखा.

आता ५०० वीची जागा हलवणारे हेलकावे पल्ल्यांप्रमाणे वेगळे करा. एक-दोन घरांच्या पल्ल्याचे, दोन-चारचे, चार-आठचे, असे दुपटीदुपटीने पार हजारापर्यंत. एक ते हजारमध्ये दुपटी किती? दहा. प्रत्येक दुपटीचा वाटा समान आणि जवळपास स्वतंत्र. म्हणून व्हेरियन्स दुपटींच्या संख्येइतका वाढतो. दुपटींची संख्या म्हणजेच लॉग. बस्स.

आकडे घालू. सममित मॅट्रिक्ससाठी घरांच्या मापात व्हेरियन्सचं मुख्य पद लॉग एन (नैसर्गिक लॉग) भागिले पाय वर्ग. दर दुपटीला ०.०७. दहा दुपटी, ०.७, वर्गमूळ ०.८४ घर. (तुमचं उत्तर यापेक्षा थोडं जास्त येईल. सूत्रात एक स्थिर पद आहे, ते मी इथे सोडलंय.) संमिश्र (कॉम्प्लेक्स) संख्यांची हर्मिशियन मॅट्रिक्स, म्हणजे सममितचीच संमिश्र बहीण, घेतली तर बरोबर निम्मा व्हेरियन्स. तिथे वितरण नॉर्मलच असतं हे गुस्ताव्हसनने २००५ मध्ये सिद्ध केलं.

आकार दहा लाख केला तर वीस दुपटी, व्हेरियन्स १.४, भटकणं १.२ घरं. स्वतंत्र बिंदू असते तर ५०० घरं!

स्वतंत्र बिंदूंमध्ये काय बिघडतं तेही लगेच दिसतं: तिथे मोठ्या पल्ल्याचा हेलकावा लहान पल्ल्यापेक्षा जास्त देतो, दुपटीला दुप्पट. शेवटच्या दोन-तीन दुपटीच सगळं गिळतात.

---

शून्यप्रहर

दंडवत. 'दर दुपटीला ०.०७' हे लक्षात राहील. सूत्र राहणार नव्हतं.

---

अवांतर_आजोबा

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये चहाच्या वेळी सर्वदमन चावला यांनी ह्यू मॉन्टगोमेरी नावाच्या तरुण गणितज्ञाची डायसनशी ओळख करून दिली. मॉन्टगोमेरी रीमान झीटा फलनाच्या (मूळ संख्यांच्या अभ्यासातलं एक फलन) शून्यांवर, म्हणजे ते जिथे शून्य होतं त्या बिंदूंवर, काम करत होता. शून्यांच्या जोड्यांबद्दल त्याला मिळालेलं सूत्र ऐकताच डायसनने ओळखलं, हे तर हर्मिशियन रँडम मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंचं सूत्र! पुढे १९८० च्या दशकात ओडलिझ्कोने संगणकावर फार उंचीवरची शून्यं काढून ताडून पाहिली, आणि जुळणी डोळ्यांत भरण्यासारखी निघाली.

या धाग्याच्या दृष्टीने मला जास्त रस आहे तो सेल्बर्गच्या त्याआधीच्या निकालात. टी उंचीपर्यंतची शून्यांची खरी संख्या आणि अपेक्षित संख्या यांच्या फरकाचा व्हेरियन्स: लॉग लॉग टी भागिले दोन पाय वर्ग. हर्मिशियन मॅट्रिक्सचा वरचा व्हेरियन्स: लॉग एन भागिले दोन पाय वर्ग. एन च्या जागी लॉग टी ठेवा. छेदातला दोन पाय वर्गसुद्धा तोच.

---

मुंगळा

म्हणजे रीमान सुटलं? :ड

---

अवांतर_आजोबा

नाही हो. साम्य दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. मॉन्टगोमेरीचा निकालसुद्धा मर्यादित पल्ल्यापुरता आणि रीमानचं गृहीतक (ती शून्यं एकाच रेषेवर असतात हे अजून सिद्ध न झालेलं विधान) खरं धरून काढलेला आहे.

---

गवती

एक भाबडा प्रश्न. हे सगळं मधल्या ५०० वीचं झालं. सगळ्यात शेवटच्या, १००० व्या आयगेनव्हॅल्यूचं काय? तिला तर एकाच बाजूला शेजारीण.

---

काठावरचा

भाबडा कसला, माझ्या नावाचाच प्रश्न आहे.

काठावर अर्धवर्तुळ शून्यावर उतरतं, गर्दी विरळ, घरं मोठी. मध्यावर घर १/एन च्या मापाचं, काठावर एन च्या −२/३ घाताचं. हजाराला ते ०.०१. शेवटची आयगेनव्हॅल्यू २ च्या आसपास याच मापाने डोलते, आणि इथलं वितरण नॉर्मल *नाही*. ट्रेसी आणि विडम यांनी ते १९९४ मध्ये हर्मिशियनसाठी आणि १९९६ मध्ये सममितसाठी काढलं. सममितचं सरासरी −१.२१, प्रमाण विचलन १.२७. म्हणजे तुमच्या हजारच्या मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू सरासरी १.९८८ च्या आसपास, ०.०१३ इकडेतिकडे. २ च्या थोडी *आत*च.

खरी मजा तिच्या दोन शेपट्यांत आहे. आयगेनव्हॅल्यूंकडे रेषेवरच्या सारख्या विद्युतभाराच्या कणांसारखं बघायचं ही डायसनची जुनी युक्ती: एकमेकांना लॉगच्या नियमाने दूर ढकलतात, आणि एक वाटीसारखं बल सगळ्यांना मध्याकडे दाबतं. शेवटच्या कणाला बाहेर ओढायचं तर एकट्यालाच ओढायचं, बाकीचे जागेवर. किंमत एन च्या पटीत. त्यालाच आत ढकलायचं म्हटलं तर मागचे सगळे हजार दाबावे लागतात. किंमत एन वर्गाच्या पटीत. म्हणून आतली शेपटी फारच लवकर आटते: हर्मिशियनला आत अंतराच्या घनाने, बाहेर दीड घाताने. आतल्या बाजूचा हा मोठ्या विचलनांचा हिशेब डीन आणि सत्य मजुमदार यांनी २००६ मध्ये मांडला.

हेच वितरण रँडम मॅट्रिक्सशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी येतं. पत्ते पिसून त्यातली सगळ्यात लांब चढती मालिका (मधले पत्ते वगळले तरी चालतात) मोजा. बाइक, डेफ्ट, योहान्सन, १९९९: तिथेही ट्रेसी-विडम.

---

सांदीकोपरा

माझी भरपाई म्हणून एक. मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहरातल्या बसच्या वेळा क्रबालेक आणि शेबा यांनी २००० साली तपासल्या. लागोपाठच्या दोन बसमधली अंतरं हर्मिशियन मॅट्रिक्सच्या अंतरांशी जुळली. तिथे बस चालकांच्या स्वतःच्या, आणि पुढची बस कधी गेली हे वाटेतली माणसं सांगत. मग चालक वेग कमी-जास्त करायचे.

पण टिपकागद यांचं ऐकल्यावर आता वाटतं की चालकाला फक्त पुढच्याची खबर आहे, पन्नासाव्या बसची नाही. अंतरं जुळली म्हणून लांब पल्ल्याचा ताठरपणाही जुळेल असं मी आता म्हणणार नाही.

---

टिपकागद

नेमकं! त्याला सगळ्या गाड्यांशी एकाच वेळी हिशेब लागतो.

@फावलावेळ, तुम्ही फक्त ५०० वी पाहिलीत. एकाच मॅट्रिक्समध्ये मधल्या भागातल्या *सगळ्या* तपासून सगळ्यात जास्त भरकटलेली शोधली तर? हर्मिशियनसाठी क्लेस, फाहस, लाम्बर्ट आणि वेब यांनी २०२१ मध्ये दाखवलं की ती घरांच्या मापात लॉग एन भागिले पाय एवढी. हजाराला २.२, दहा लाखाला ४.४. हजार जणींमधली सगळ्यात बेशिस्त, आणि तिची मजल दोन घरं. एन लहान असताना उत्तर थोडं कमी पडतं, लॉग लॉगची दुरुस्ती हळूहळू विरते.

---

फावलावेळ

संमिश्र संख्यांच्या शंभर मॅट्रिक्स रात्रभर लावून ठेवल्या होत्या. दोन्ही काठांचे पन्नास-पन्नास सोडून मधल्या नऊशे तपासल्या. बहुतेक मॅट्रिक्समध्ये सगळ्यात भरकटलेली दोन घरांच्या अलीकडेच थांबते. तीन घरं ओलांडणारी शंभरात एकही नाही.

आणि एक गोष्ट विचारली नव्हती, पण आलेखात दिसली. ज्या ठिकाणी एक भरकटते तिथे तिच्या आजूबाजूच्या आठ-दहा जणीही त्याच दिशेला झुकलेल्या असतात. त्या झुकलेल्या पट्ट्याच्या आत आणखी छोटे पट्टे, त्यांच्या आत आणखी छोटे. बेरीजवजाबाकींच्या दुपटी डोळ्यांनी दिसतायत. आता आकार ४००० करतोय. दोन दुपटी वाढतील, म्हणजे हर्मिशियनला व्हेरियन्स ०.०७ ने वर जायला हवा. एवढा बारीक फरक टिपायचा तर शंभर मॅट्रिक्स पुरणार नाहीत, नाही का?

---

बेरीजवजाबाकी

नाही पुरणार. पण एकट्या ५०० वीवर का अडता? मध्याजवळच्या दोन-तीनशे जणींचा व्हेरियन्स काढून सरासरी घ्या. शेजारणी एकत्र झुकतात म्हणून फायदा तीनशेपट होणार नाही, पण काम भागेल.